हिरवं दाबलं की लाल पेटतं

जयकुमारभाईंनी नारळ फोडला तो नव्या पेटीखालच्या पायरीवर, पण पाणी उडालं ते नेमकं पेटीच्या तोंडावर. इंदुबाई सकपाळांनी पदरानं पेटी पुसली आणि मनात म्हटलं, ही बया पहिल्याच दिवशी तोंड धुऊन बसली. आता पुढे काय काय दाखवते बघायचं.

पेटी पंपाची होती. मिरा रोडच्या शीतलछाया सोसायटीत छाया म्हणाल तर विजेच्या खांबाची, आणि शीतल म्हणाल तर मागच्या मिठागरांवरून येणारा चिकट वारा. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, चौऱ्याण्णव सालचा एप्रिल. पाणी यायचं दिवसाआड, दुपारी तीनला, तासभर. ते आधी तळटाकीत पडायचं आणि तिथून पंपानं गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. पंपाच्या कुलपाची किल्ली सहा वर्षं इंदुबाईंच्या कमरेला होती, कारण त्या तळमजल्यावर राहायच्या आणि दुपारी झोपायच्या नाहीत. दुपारी झोपणाऱ्या बाईबद्दल त्यांचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या किल्लीमुळे दुसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेन सणाला पहिलं ताट त्यांच्याकडे पाठवत. त्या किल्लीमुळे चौथ्या मजल्यावरचा प्रणित, बँकेतला ऑफिसर, जिना उतरताना ‘नमस्कार मावशी’ म्हणे. सख्ख्या सासऱ्यालाही त्यानं कधी इतका वाकून नमस्कार केला नसेल. पाणीवारी, म्हणजे पाणी यायच्या दिवशी, तीन वाजले की कोणी ना कोणी दार वाजवून विचारणारच, “इंदुबाई, आलं का?” आणि इंदुबाई लगेच उत्तर द्यायच्या नाहीत. पदर सारखा करायच्या, किल्ली काढायच्या, आणि मग म्हणायच्या, “बघते.”

जुन्या पंपाचं बटण म्हणजे भिंतीवरचा लोखंडी खटका. वर ढकलला की खटाक्, चालू. खाली ओढला की खटाक्, बंद. घरातली बटणं मात्र खाली केली की दिवा लागतो. असं उलटसुलट का, हे त्यांनी एकदा मुलाला, उत्तमला, विचारलं होतं. उत्तम फोर्टातल्या कचेरीत टेबलामागे बसायचा, त्यामुळे ‘ते तसंच असतं, आई’ हे उत्तर त्याच्याकडे कायम तयार असे. पण खरं सांगायचं तर त्या खटक्यानं कधी घोटाळा केला नाही. हाताला सवय होती, आणि हात चुकला तरी पंप स्वतः सांगायचा. चालू झाला की असा घुरघुरायचा की चौथ्या मजल्यावरची भांडी फळीवर वाजायची. मग खाऱ्या हवेनं तो गंजला आणि एक दिवस त्याची घुरघुर थांबली ती थांबलीच.

नवा पंप टाकीच्या पाण्यातच बुडवलेला. सेक्रेटरी जयकुमारभाईंना त्याचंच कौतुक.

“इंदुमासी, एकदम सायलेंट! अपने को मालूम भी नहीं पडेगा, चालू है के बंद.”

“तेच तर मला मालूम पडायला पाहिजे ना, भाई!”

सगळे हसले. सेक्रेटरीच्या आनंदाच्या प्रसंगी बाईमाणसाचं म्हणणं विनोदात जमा होतं.

पेटी जिन्याखाली, जाळीच्या दाराआड बसवली होती. पांढरी, गुळगुळीत. खाली दोन बटणं, एक हिरवं, एक लाल. दोन्ही एका मापाची, पेटीत सपाट बसलेली, बोट फिरवलं तर कुठलं कुठे संपलं कळू नये अशी. वर दोन दिवे. हिरव्या बटणावर हिरवा, लाल बटणावर लाल. आणि बटणांखाली मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. बघायला इतकी नीटनेटकी की हिच्या हातून काही वाईट होईल असं कोणाच्या मनातही येऊ नये. अशा मुली इंदुबाईंनी सून बघताना दोन-तीन पाहिल्या होत्या आणि नाकारल्या होत्या.

“ग्रीन दबाओ, स्टार्ट. रेड दबाओ, स्टॉप. बस. बच्चा भी कर सकता है,” असं म्हणून जयकुमारभाईंनी हिरवं बटण दाबलं. लाल दिवा पेटला. टाळ्या वाजल्या, पेढे फिरले, आणि हिरवं दाबल्यावर लाल का पेटलं, हे विचारायची वेळ निघून गेली. पेढा तोंडात असताना माणूस शंका काढत नाही.

पाणीवारी इंदुबाईंनी जाळी उघडली, देवाचं नाव घेतलं आणि हिरवं बटण दाबलं. लाल दिवा पेटला.

इंदुबाई दोन पावलं मागे सरल्या. आयुष्यभर लाल दिवा त्यांनी पाहिला तो रेल्वेच्या फाटकावर नाहीतर ऑपरेशनच्या खोलीवर. लाल म्हणजे थांब, आत पाय टाकू नको, आत काहीतरी बरं चाललेलं नाही. पंप काही बोलत नव्हता, तेव्हा दिव्याचं ऐकणं भाग होतं. त्यांनी लाल बटण दाबलं. हिरवा दिवा पेटला.

“हां! आता कशी वळणावर आलीस,” असं पेटीला म्हणून त्यांनी कुलूप लावलं. पाऊण तासानं परत येऊन पाहतात तो दिवा हिरवाच. त्यांनी लाल बटण दाबलं, तरी हिरवाच. ‘ऑटोमेटिक’ हा शब्द त्यांनी त्या दिवशी दहा वेळा ऐकला होता, तेव्हा बंद झाला असेल आपसूक, असं म्हणून त्या घरी आल्या.

संध्याकाळी प्रणित अंगाला साबण लावून उभा राहिला आणि नळानं नुसतं फुस्स केलं.

त्यानंतर सल्ले आले. या इमारतीत पाणी दिवसाआड यायचं, सल्ला रोज. हंसाबेन म्हणाल्या, “इंदुबेन, नवी मशीन छे, लिंबू-मिरची बांधो.” तिसऱ्या मजल्यावरच्या विमलाबाई टिपणीस, रिटायर शिक्षिका, चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “सूचना वाचाव्यात, इंदुबाई. बटणाखाली लिहिलेलं असतं.” इंदुबाई शाळेत गेल्या होत्या दुसरीपर्यंत. मराठी वाचता यायचं, पण एकेका अक्षरापाशी थांबून. पाटी वाचून होईपर्यंत बस गेलेली असायची. इंग्रजीच्या तर वाटेलाच त्या गेल्या नव्हत्या. विमलाबाईंना हे ठाऊक होतं, आणि विमलाबाईंना हे ठाऊक आहे, हे इंदुबाईंना ठाऊक होतं. त्यामुळे ते वाक्य जिथे लागायचं तिथे लागलं. सून मृणालिनी म्हणाली, “आई, मी मराठीत मोठं लिहून चिकटवू का?” तेव्हा इंदुबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती कणीक मळायला निघून गेली.

प्रणितनं मात्र जिन्यात उभं राहून रीतसर समजावलं. “मावशी, ती पद्धतच आहे. लाल दिवा म्हणजे आत करंट खेळतोय, डेंजर. म्हणजे पंप चालू.”

“मग बटण हिरवं का?”

“कारण हिरवं म्हणजे जा, सुरू कर.”

“म्हणजे बटणाच्या गावात लाल म्हणजे थांब, आणि दिव्याच्या गावात लाल म्हणजे चालू. आणि दोघं नांदतात एका पेटीत.”

प्रणित जरा घुटमळला. “तसं म्हटलं तर... हो.”

“सासू-सुना बऱ्या मग. त्या निदान ओरडून तरी सांगतात.”

उत्तमचा उपाय सोपा होता. “आई, तू दिव्याकडे बघूच नकोस.”

“बघायचं नाही तर पेटवला कशाला?”

“ते तसंच असतं, आई.”

त्या रात्रीच्या भातावर कुकरनं शिट्टी दिली तेव्हा इंदुबाईंना त्याचा पुळका आला. कुकरसारखं सज्जन यंत्र दुसरं नाही. काम चाललंय तर फुसफुसतो, झालं की हाक मारतो, आणि आत वाफ आहे तोवर झाकण कितीही ओढा, देत नाही. अडाणी बाईलाही मान देतो, शिकलेलीलाही. जातंसुद्धा तसंच. दाणे संपले की त्याचा सूर बदलतो, डोळे मिटून दळणारीलाही कळतं. आणि ही पेटी! हिच्याजवळ दोन डोळे, एक हिरवा, एक लाल, आणि दोन्हींनी खोटं बोलते.

पुढच्या पाणीवारी त्या तयारीनं गेल्या. दिवा उलटा, हे पाठ करून. हिरवं दाबलं, लाल पेटलं, ठीक. पाऊण तासानं लाल दाबलं, हिरवं पेटलं. आता खरं तर झालं होतं. पण पंप मुका, आणि समोर हिरवा दिवा, शेतातल्या पिकासारखा टवटवीत, सगळं जोरात चाललंय म्हणून सांगणारा. उलटं म्हणजे नक्की कशाच्या उलटं, हेच त्यांच्या डोक्यातून निसटलं. त्यांनी लाल पुन्हा दाबलं. हिरवा तसाच. मग त्यांनी हिरवं दाबलं आणि लाल दिवा पेटला तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. बंद! कुलूप लावून त्या घरी गेल्या.

गच्चीवर त्या दिवशी हंसाबेनचे चार चादरी खिचिये, म्हणजे तांदळाचे पापड, वाळत होते. बाजूला इंदुबाईंचे स्वतःचे सांडगेही. टाकी भरली, वाहिली, आणि वाहतच राहिली. हंसाबेन वर गेल्या तेव्हा त्यांचे पापड गच्चीभर होड्यांसारखे फिरत होते. “मारा खिचिया!” ही आरोळी भाईंदर खाडीपर्यंत गेली असेल. पंप बंद होईस्तोवर खाली तळटाकी तळाला गेली होती, वर गच्चीचा तलाव. टँकर मागवावा लागला.

सभा भरली जयकुमारभाईंच्या हॉलमध्ये. विषयपत्रिकेवर विषय एकच, पण तो बोलायचं धैर्य कोणाला नव्हतं, म्हणून आधी पार्किंगवर अर्धा तास गेला. मग विमलाबाईंनी ठराव वाचला. ‘पंपाची जबाबदारी सुशिक्षित सभासदाकडे असावी.’ ‘सुशिक्षित’ म्हणताना त्यांनी ‘क्ष’वर असा काही जोर दिला की इंदुबाईंना तो कानशिलात बसला. हात वर झाले. इंदुबाईंनी मोजले नाहीत. एकच हात त्यांनी पाहिला, तो उत्तमचा.

“आई, तुझाच त्रास वाचेल म्हणून,” घरी आल्यावर तो म्हणाला.

पुढचे तीन दिवस त्याला कारल्याची भाजी मिळाली. चौथ्या दिवशी कारली संपली म्हणून शेपू.

किल्ली विमलाबाईंकडे गेली. त्यांनी पेटीशेजारी पुठ्ठा लावला, सुवाच्य अक्षरांत अकरा कलमं. ‘१. प्रथम जाळीचे दार उघडावे.’ पहिले तीन पाणीवार जयकुमारभाई स्वतः खाली उतरून त्यांच्याशेजारी उभे राहिले, तेव्हा सगळं सुरळीत पार पडलं आणि सुशिक्षितपणाची इमारतभर वाहवा झाली. इंदुबाईंच्या दारावर आता कोणी टकटक करेना. प्रणित जिना उतरताना घड्याळाकडे बघायला लागला.

अशाच एका दुपारी त्या मोरीची खिडकी घासत होत्या. पंपाचा पाइप त्यांच्या त्या खिडकीला लागूनच गच्चीकडे चढायचा. सहा वर्षं तो तिथे होता आणि त्यावर कधी फडक्याशिवाय काही पडलं नव्हतं. त्यांचा ओला हात पाइपाला लागला. पाइप थरथरत होता. बारीक, मांजर घशात गुरगुरतं तसा. आणि गार. त्या हात न काढता उभ्या राहिल्या. पावणेचारला थरथर थांबली. जिन्याखाली कुलपाचा आवाज आला.

मुका पंप इथे येऊन बोलत होता तर! दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा हात लावून पाहिलं. थरथर म्हणजे चालू, गप्प म्हणजे बंद. दिवा नको, अक्षर नको. ही बातमी त्यांनी कोणाला सांगितली नाही. ज्याच्या कमरेची किल्ली गेली, त्याला बातमी कोण विचारतं?

मग तो रविवार आला. विमलाबाई पहिल्यांदाच एकट्या पंपावर होत्या आणि त्यांना चारच्या आत बहिणीकडे भाईंदरला निघायचं होतं. पावणेचारला त्या कुलूप लावून गेल्याचं इंदुबाईंनी खिडकीतून पाहिलं. छत्री, पर्स, सगळं टापटीप. सवयीनं त्यांनी पाइपाला हात लावला.

पाइप थरथरत होता.

इंदुबाई मोरीत उभ्या राहिल्या. खोटं कशाला सांगा, पहिली पाच मिनिटं त्यांना फार गोड वाटलं. वाहू दे. भिजू दे. अकरा कलमं पाण्यावर तरंगू देत. मग सगळी इमारत बघेल सुशिक्षित माणूस काय करतो ते. त्यांनी चहासुद्धा ठेवला. वरून पाणी कोसळल्याचा आवाज यायला लागला. चहा उकळला. आणि मग हाताखालचा पाइप एकदम अडखळला. उचकी लागावी तसा. पुन्हा थरथर, पुन्हा उचकी.

त्यांना कळलं. तळटाकी संपत आली होती, पंप पाण्याबरोबर हवा ओढत होता. पाण्यातला पंप कोरडा फिरला तर जळतो, हे नारळाच्या दिवशी जयकुमारभाईंनी चार वेळा सांगितलं होतं. जळला तर ऐन उन्हाळ्यात सोळा बिऱ्हाडं कोरडी. हंसाबेनची सून आठ महिन्यांची पोटुशी होती, ती कुठून पाणी वाहील? इंदुबाईंनी गॅस बंद केला आणि कपडे वाळत घालायची काठी उचलली.

जाळीला कुलूप, पण जाळीतून काठीचं टोक जात होतं. त्यांनी नेम धरला. बटणं सपाट, काठी गुळगुळीत. टोक घसरून कधी पेटीच्या कडेवर, कधी पुठ्ठ्याच्या सातव्या कलमावर. इतक्यात हंसाबेन जिन्यावरून धावत आल्या. “इंदुबेन, उपर फिरसे नदी! मारा पापड...”

“पापड मरू देत! माझ्या मोरीत जा, खिडकीतल्या पाइपाला हात लाव, आणि थरथरतोय का नाही ते ओरडून सांग!”

हंसाबेननं जन्मात इतकी स्पष्ट आज्ञा ऐकली नव्हती. त्या पळाल्या. आतून आवाज आला, “ध्रूजे छे!” म्हणजे थरथरतोय.

इंदुबाईंनी टोचलं. हिरव्यावर लागलं. “हजी ध्रूजे छे!” म्हणजे अजूनही. पुन्हा टोचलं. पुठ्ठा फाटला. “हजी! हजी!” तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी काठी धरून, श्वास रोखून. टक्.

“बंद! बंद थई गयो!”

आणि नेमक्या त्याच क्षणी जिन्यावर जयकुमारभाई उभे. बनियन, लुंगी, दोन्ही ओली. त्यांच्या बाल्कनीतल्या झोपाळ्यावर दुपारची झोप चालू असताना गच्ची त्यांच्यावर उतरली होती. मागे प्रणित, त्याच्या मागे उत्तम. तिघांनी काय पाहिलं? किल्ली गेलेली बाई, जाळीतून काठी घालून पेटी टोचते आहे.

“इंदुमासी!” जयकुमारभाईंचा आवाज फुटला. “चाबी लिया तो डंडे से चालू करते हो? सोसायटी से दुश्मनी?”

इंदुबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. त्यांच्या घराण्यात ते आधी तोंडावाटे बाहेर पडतं. पण त्याआधी त्यांनी उत्तमकडे पाहिलं आणि उत्तम जमिनीकडे बघत होता. सहा वर्षं राखलेलं पाणी, आणि पदरात चोरीचा आळ. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि पदर सारखा केला.

“भाई, मी चोर. ठरलं. आता चोराला एवढंच सांगा, या घटकेला पंप चालू आहे का बंद?”

जयकुमारभाईंनी पेटीकडे पाहिलं. हिरवा दिवा. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. “ग्रीन है... मतलब... चालू.”

“नाही, नाही,” प्रणित पुढे झाला. “हिरवा म्हणजे... एक मिनिट. बटण हिरवं म्हणजे स्टार्ट, म्हणजे दिवा...” आणि तो बोटांवर काहीतरी मोजायला लागला.

“उत्तम, तू?”

“चालूच असणार,” उत्तम हळूच म्हणाला. “हिरवा आहे ना.”

तेवढ्यात फाटकातून विमलाबाई आल्या. रिक्षाच मिळाली नव्हती, म्हणून परतल्या होत्या. त्यांनी पेटीकडे पाहिलं आणि हातातली छत्री पडली. “अगंबाई, हिरवा! मी तर चांगला लाल पेटवून गेले होते. कोणी चालू केला?”

आणि नेमका तेव्हाच, तळमजल्याच्या मोरीतून, पाइपावरचा हात अजून न काढलेल्या हंसाबेनचा आवाज आला, “बंद छे! क्यारनो बंद छे!” केव्हाचाच!

मग एकेकाच्या चेहऱ्यावर उजाडत गेलं. सगळ्यात शेवटी विमलाबाईंच्या. त्या फाटलेल्या पुठ्ठ्याकडे बघत राहिल्या. त्या अकरा कलमांत दिव्यांबद्दल एकही नव्हतं. लाल म्हणजे थांब, हे काय लिहायला हवं? चष्मा काढून त्यांनी पुसला आणि परत घातलाच नाही. इंदुबाईंनी तो चेहरा ओळखला. ठरावाच्या रात्री तो त्यांच्याच आरशात होता. त्यांच्या जिभेवर त्या घटकेला ‘सुशिक्षित’ हा शब्द तयार होता, ‘क्ष’वरच्या जोरासकट. त्यांनी तो गिळला. चव शेपूपेक्षा वाईट होती.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा मेकॅनिक आला. दिव्यांची अदलाबदल करता येईल का? येईल, पण पेटी उघडली तर गॅरंटी जाईल. न जाता करायची तर सेक्रेटरीच्या सहीशिक्क्यानिशी अर्ज, तीन प्रतींत, मग हेड ऑफिसची मंजुरी, मग पाहणी. किती दिवस? त्यानं वर पाहिलं, जणू हेड ऑफिस तिथेच होतं.

इंदुबाईंनी बबनला बोलावणं धाडलं. बबन वायरमन उत्तनकडच्या चौक गावचा, बस आणि रिक्षा बदलत यायचा. त्यानं पेटी चारी बाजूंनी निरखली.

“आक्का, हिच्यात बिघाड काय बी न्हाय.”

“बिघाड नाही हेच तर दुखणं आहे. ही धडधाकट राहून आम्हाला वेडं करते.”

“आत हात न्हाय लावायचा. पन भायेरून लावाया कोन अडवतो?”

इंदुबाईंनी मूठ उघडली. मुठीत चिंचोका होता, घासून अर्धा केलेला. “हा हिरव्या बटणावर बसव. पक्का.”

“चिंचोका? आक्का, चांगला मनी हाय माझ्याकडं.”

“मणी गोल, बोट घसरतं. चिंचोका अंगठ्याला कळतो. जिथे उंचवटा तिथे सुरू, जिथे सपाट तिथे बंद. लाईट गेलेली असो, चष्मा नसो.”

मग त्या आत गेल्या आणि कपाटातली चांदीची डबी घेऊन आल्या. यजमान गेल्यापासून चार वर्षांत ती उघडली नव्हती. त्यातली सगळ्यात मोठी, मरून रंगाची टिकली त्यांनी काढली, मागचा कागद सोलला आणि हिरव्या दिव्यावर दाबून बसवली. पुरेना, म्हणून तिच्यावर दुसरी. हिरवा उजेड पार विझला.

मृणालिनी दारात उभी होती. डबीचं झाकण लागत नव्हतं, ते तिनं हातात घेऊन नीट बसवून दिलं.

“आता एकच दिवा,” इंदुबाई म्हणाल्या. “पेटला तर चालू, नाही पेटला तर बंद. चुलीसारखं. चूल पेटली का विझली हे सांगायला कोणी दोन रंग लावतं का?”

संध्याकाळी सगळी कमिटी जिन्याखाली जमली. प्रणितनं डोळे मिटून बटण दाबून पाहिलं. जयकुमारभाईंनी डाव्या हातानं. हंसाबेन मोरीत पाइप धरून साक्षीला. एकदाही चुकलं नाही. मग जयकुमारभाईंनी घसा साफ केला, सगळ्यांसमोर हात जोडले आणि किल्ली पुढे केली. “इंदुमासी, मेरी भूल. चाबी आप ही रखो.”

किल्ली तळहातावर आली. वजन ओळखीचं होतं. कमरेशी हात आपोआप गेला. आणि तिथेच थांबला. त्यांनी पेटीकडे पाहिलं. चिंचोका, टिकली, एक दिवा. बच्चा भी कर सकता है, आता खरंच. जोवर पेटी अवघड होती तोवर किल्ली राखायला माणूस लागत होता. ती सोपी त्यांनी स्वतःच्या हातानं केली होती, चांगली दोन टिकल्या खर्चून. विमलाबाई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभ्या होत्या, कठडा धरून, वर जावं की खाली यावं ते न ठरलेल्या.

“बबन, एक खिळा ठोक रे इथे. जाळीच्या बाहेर, मोठ्यांचा हात पोचेल एवढा उंच.”

“मासी, तो चलाएगा कौन?” जयकुमारभाई म्हणाले.

“ज्याला पाणी पाहिजे तो. हात आहेत ना सगळ्यांना? ठरावाला बरे वर होतात.”

उत्तमनं मान खाली घातली. त्या रात्री त्याला बटाट्याची भाजी मिळाली.

पुढच्या पाणीवारी तीन वाजले. दार वाजलं नाही. इंदुबाई भांडी घासत होत्या. एकच पातेलं त्यांनी तीनदा घासलं. सव्वातीनला त्यांनी मोरीत जाऊन पाइपाला हात लावला. थरथरत होता. कोण चालवतंय, ते पाइप सांगत नव्हता. त्या हात तसाच ठेवून उभ्या राहिल्या, बराच वेळ, तापाचं पोर झोपलंय का बघावं तशा. पावणेचारला, ना मिनिट आधी ना नंतर, थरथर थांबली.

मग दार वाजलं. विमलाबाई. चष्मा हातात, नाकावर नाही.

“इंदुबाई,” त्या म्हणाल्या आणि अडखळल्या. उजवा अंगठा त्यांनी जरासा वर धरला होता, नुकतंच काही शिकलेल्या मुलीसारखा. “चष्मा न लावता गेले होते.”

इंदुबाईंनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग पदर सारखा केला.

“या आत. चहा टाकते,” त्या म्हणाल्या. “आणि बसताना कलमं विचारू नका. आमच्याकडे खुर्चीवर काही लिहिलेलं नाही.”